रिकाम्या फायलीचा हॅश : फोंड्यातील एका मुद्रणालयाच्या हार्ड डिस्कचे प्रकरण

फोंडा तालुक्यातील एका गावात बाजाराच्या वाटेवर एक छोटे मुद्रणालय होते. लग्नपत्रिका, देवस्थानांच्या जत्रांची पत्रके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, भजनी मंडळांच्या पुस्तिका आणि अधूनमधून एखादी नाट्यसंहिता असे त्याचे काम १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे पंधरा वर्षे चालले. मालक वारल्यावर यंत्रे विकली गेली, जागा भाड्याने गेली आणि ज्या संगणकावर सगळी जुळणी होत असे तो माळ्यावर गेला. गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माळ्यावर ठेवलेल्या वस्तूंचे त्यात काय होते, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. संगणक खाली आणला तेव्हा आतल्या तारांवर बुरशीचा पांढरा थर होता आणि हार्ड डिस्कच्या खालच्या पट्टीवरचे तांब्याचे ठिपके हिरवे पडले होते.

तो खाली आणण्याचे कारण एक नाटक होते. गोव्याच्या उत्सवी रंगभूमीत, म्हणजे देवळाच्या जत्रेला किंवा काल्याला गावातल्याच मंडळींनी बसवलेल्या नाटकांत, बाहेरच्या नामवंत नाटकांबरोबर गावातल्या लेखकाचे नाटकही उभे राहते. या गावच्या शाळेतल्या एका मास्तरांनी तीन अंकी नाटक लिहिले होते. त्याची संहिता याच मुद्रणालयात टाइप झाली, तालमीपुरत्या प्रती निघाल्या, एक प्रयोग झाला आणि पुस्तक छापायचे राहून गेले. मास्तर गेले. हस्तलिखित वाळवीने खाल्ले. आता मंडळाच्या नव्या पिढीला ते नाटक पुन्हा करायचे होते. मुद्रणालयाच्या मालकांच्या पत्नी, ज्यांना मंडळातले सगळे वहिनी म्हणतात, त्यांनी डिस्क माझ्या हातात देताना एवढेच सांगितले, "बाकीचं काही नको. मास्तरांचं नाटक तेवढं काढून द्या."

डिस्कची प्रत

डिस्क ८० जीबीची, जुन्या रुंद केबलची होती आणि तिच्यावर विंडोज एक्सपी होते. अशा डिस्कवर थेट काम करायचे नसते, कारण संगणक चालू करताच विंडोज स्वतःच शेकडो ठिकाणी लिहू लागते आणि आधीच थकलेल्या डिस्कवर तो भार शेवटचा ठरू शकतो. म्हणून लिहिणे अडवणारे उपकरण मध्ये जोडून, डीडीरेस्क्यू या मुक्त आज्ञावलीने संपूर्ण डिस्कची सेक्टरवार (सेक्टर हा डिस्कवरच्या साठवणीचा एक छोटा ठरावीक तुकडा) प्रत, म्हणजे इमेज, काढली. ही आज्ञावली आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळते. कुठला भाग मिळाला आणि कुठला नाही याचा नकाशा ती वेगळ्या फायलीत ठेवते. दोन दिवस आणि दोन रात्री हे काम चालले. शेवटी काही सेक्टर आलेच नाहीत. त्यांच्या जागी इमेजमध्ये शून्ये राहिली.

इमेज पूर्ण होताच तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारी ओळखसंख्या, काढून वहीत लिहिला आणि वहिनींच्या मुलाची त्यावर सही घेतली. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. धडधाकट डिस्कची प्रत दोनदा काढली तर दोन्ही प्रतींचा हॅश एकच येतो. खराब डिस्कचे तसे नसते. आज न वाचलेला सेक्टर उद्या वाचला गेला तर हॅश पूर्णपणे बदलतो. म्हणून आपण नोंदवलेला हॅश डिस्कचा नसून त्या दिवशी हाती आलेल्या प्रतीचा आहे, हे मी वहीत वेगळ्या वाक्यात लिहून ठेवले.

इमेजमधून फायली दोन मार्गांनी काढल्या. जिथे फायलींची सूची शाबूत होती तिथून त्या नावासकट आणि फोल्डरसकट निघाल्या. जिथे सूची फाटली होती, किंवा फाइल पुसलेली होती, तिथे केवळ सुरुवातीच्या खुणेवरून फायली ओळखणारे साधन वापरावे लागले. या दुसऱ्या मार्गाने आलेल्या फायलींना नाव नसते. एफ अक्षरापुढे एक लांबलचक अंक एवढीच त्यांची ओळख. दोन्ही मिळून फायली लाखांच्या घरात गेल्या.

या प्रकरणाची खरी अडचण इथे सुरू झाली. काही मिळत नाही ही तक्रार नव्हतीच, सगळे एकदम समोर आले होते. विंडोजच्या हजारो फायली, पाने जुळवणाऱ्या पेजमेकरच्या, स्कॅनर आणि प्रिंटरच्या, खेळांच्या, मदतपुस्तिकांच्या, बटणांवरच्या चित्रांच्या. आणि या गर्दीत कुठेतरी माणसाने लिहिलेला मजकूर. एकेक फाइल उघडून पाहायची म्हटले तर वर्ष गेले असते.

ओळखीच्या फायली बाजूला काढणे

कोणतीही फाइल, मग ती चार अक्षरांची असो की चार जीबीची, हॅशच्या गणिती प्रक्रियेतून नेली की ठरलेल्या लांबीची एक संख्या मिळते. ती शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरे वापरून लिहितात. एमडी५ या पद्धतीत अशी ३२ चिन्हे येतात, शा-१ मध्ये ४० आणि शा-२५६ मध्ये ६४. तीच फाइल असेल तर जगात कुठेही, कुठल्याही संगणकावर, तीच संख्या येते. फायलीत एक अनुस्वार जरी वाढला तरी आधीच्या संख्येशी काहीही साम्य नसलेली दुसरीच संख्या येते. फायलीचे नाव, तारीख, ती कुठल्या फोल्डरमध्ये होती, यांचा तिच्याशी संबंध नाही. हॅश फक्त आतल्या बाइटांवरून निघतो.

या गुणाचा मोठा उपयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, केला आहे. तिच्या नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररीत बाजारात आलेली सॉफ्टवेअर मूळ स्वरूपात जमा केली जातात, त्यांतील प्रत्येक फायलीचे हॅश काढले जातात आणि हॅशबरोबर फायलीचे नाव, आकार व ती कुठल्या उत्पादनात होती याची नोंद करून ती यादी दर तीन महिन्यांनी सर्वांसाठी खुली केली जाते. सॉफ्टवेअर वाटले जात नाही, फक्त हॅशांची यादी. तपास यंत्रणांना जप्त केलेल्या संगणकातील नेहमीच्या फायली चटकन वगळता याव्यात, हा तिचा मूळ हेतू. जुन्या यादीत एमडी५, शा-१ आणि सीआरसी-३२ (हॅशसारखीच एक छोटी तपाससंख्या) एवढेच होते; नव्या, एसक्यूलाइट या डेटाबेसच्या स्वरूपातल्या यादीत शा-२५६ ही आहे. याच प्रयोगशाळेने स्टॅनफर्ड विद्यापीठातील कॅब्रिनेटी संग्रहातल्या जुन्या संगणकीय खेळांच्या डिस्क वाचून जतन करण्याचे कामही केले आहे, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते, कारण तपासाचे हत्यार आणि जतनाचे हत्यार किती जवळचे आहे ते त्यातून दिसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही 'चांगल्या' फायलींची यादी आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तिच्यात पासवर्ड फोडणारी आणि मजकूर चित्रात लपवणारी साधनेही आहेत, कारण तीसुद्धा कुणीतरी प्रसिद्ध केलेली सॉफ्टवेअरच आहेत. यादीत असणे म्हणजे ओळखीचे असणे, त्यापलीकडे काहीही नाही. मी हे वाक्य अनेकांना शिकवले आहे आणि तरीही या प्रकरणात मीच त्यापाशी दोनदा अडखळलो. ते पुढे येईलच.

मी यादीतला आजच्या आणि जुन्या सॉफ्टवेअरचा असे दोन्ही भाग उतरवून घेतले आणि एक छोटी आज्ञावली लिहिली. ती प्रत्येक फायलीचा हॅश काढी, यादीत मिळाला तर फाइल बाजूला टाकी आणि उरलेल्या फायलींची फोल्डरवार यादी तयार करी. ऑटॉप्सीसारख्या डिस्क तपासणाऱ्या साधनात ही सोय आयती असते, पण बिननावाच्या फायलींसाठी मला थोडी वेगळी मांडणी हवी होती. विंडोजचा फार मोठा भाग पहिल्याच रात्री बाजूला गेला. मराठी जुळणीच्या सॉफ्टवेअरच्या फायली मात्र तशाच राहिल्या, कारण त्या संचांची नोंद मला यादीत सापडली नाही. मुद्रणालयाच्या कपाटात सुदैवाने मूळ सीडी होत्या : मराठी टंकांच्या (फॉन्टच्या), पेजमेकरच्या, स्कॅनरच्या. त्या सर्वांतल्या फायलींचे हॅश काढून मी स्वतःची पुरवणी यादी केली. आपल्या भाषेच्या सॉफ्टवेअरसाठी हे काम आपल्यालाच करावे लागते आणि जुन्या सीडी वाचता येत आहेत तोवरच करावे लागते.

ओळख न पटलेल्या फायली

जे जुळले नाही त्यात तीन प्रकारचे भलते पाहुणे होते.

पहिला प्रकार खराब सेक्टरांचा. विंडोजच्या फोल्डरमध्ये, विंडोजच्याच नावाची, अगदी तेवढ्याच आकाराची फाइल, पण हॅश जुळत नाही. डीडीरेस्क्यूच्या नकाशाशी ताडून पाहिले तेव्हा त्यांतल्या अनेक फायलींच्या पोटात न वाचलेले सेक्टर निघाले. हॅशला 'बहुतेक तीच' असे म्हणता येत नाही. एक सेक्टर गेला की फाइल अनोळखी झाली.

दुसरा प्रकार नाव नसलेल्या फायलींचा. खुणेवरून काढलेल्या फायलीचा शेवट कुठे आहे हे साधनाला नेहमी कळत नाही, मग ते पुढचे चार बाइटही उचलून आणते आणि हॅश चुकतो. इथे यादीतली आकाराची नोंद कामी आली. ज्या प्रकारच्या फायलींचा आरंभ ओळखीचा होता त्यांना यादीतल्या संभाव्य आकारांवर कापून पुन्हा हॅश काढला आणि कित्येक जुळल्या. टंकांच्या फायलीत तर सुरुवातीच्या सारणीतच प्रत्येक भागाची जागा आणि लांबी लिहिलेली असते, त्यामुळे नेमके कुठे कापायचे ते तिथूनच कळते. जुळल्याबरोबर बिननावाच्या फायलीला तिचे मूळ नाव परत मिळाले. कधीकधी एकाच हॅशला दहा नावे निघत, कारण तीच फाइल दहा उत्पादनांत वेगवेगळ्या नावांनी गेलेली असते; तेव्हा कुठले नाव खरे हे आजूबाजूच्या फायली पाहून ठरवावे लागले.

तिसरा प्रकार पाहून मुद्रणालयांत काम केलेल्या कुणालाही तो काळ आठवेल. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येई, मजकुराबरोबर रोगही आणी. या डिस्कवर जवळजवळ प्रत्येक फोल्डरच्या आत त्या फोल्डरच्याच नावाची एक चालणारी फाइल, म्हणजे आज्ञावली, होती, फोल्डरचेच पिवळे चित्र लावलेली. नावे वेगळी, तारखा वेगळ्या, पण हॅशप्रमाणे गट पाडताच शेकडो फायली एकाच संख्येखाली येऊन बसल्या. वेगवेगळ्या नावांच्या इतक्या फायली आतून तंतोतंत सारख्या असणे हे एरवी घडत नाही. तो हॅश मी व्हायरसटोटल या घातक फायली ओळखणाऱ्या संकेतस्थळावर शोधला. फाइल पाठवली नाही, फक्त हॅश. हा फरक महत्त्वाचा आहे. या डिस्कवर गावातल्या लोकांच्या पत्रिका होत्या, संस्थांचे हिशेब होते, निवडणुकीची पत्रके होती; कुठलीही फाइल बाहेरच्या ठिकाणी पाठवण्याचा मला अधिकार नव्हता. हॅशवरून फाइल उलट तयार करता येत नाही, म्हणून तो विचारण्यात कुणाचे गुपित बाहेर जात नाही. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले : पेन ड्राइव्हवरून पसरणारा जुना कीडा. तो गट संपूर्ण वगळला.

टंक वगळले आणि मजकूर बुडाला

उरलेल्या फायली आता आवाक्यात होत्या. 'नाटक मास्तर' अशा नावाचे फोल्डर होते. नाव रोमन अक्षरांत होते, येथे देवनागरीत देतो. फोल्डर उघडले, आत वर्डच्या दोन फायली, अंक १ आणि अंक २. फाइल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरे, पौंडाची चिन्हे, फ्रेंच स्वरचिन्हे यांची गिचमीड आली.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणारी आजची पद्धत, सर्वत्र रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या टंकांत टाइप होई, त्यांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. श्रीलिपी, आयएसएम आणि तशी अनेक साधने त्या काळात याच तत्त्वावर चालत. फायलीत खरोखर रोमन संकेतच असतात. टंक हजर असेल तरच ते मराठी दिसतात. आणि टंक तर मी स्वतःच 'ओळखीचे' म्हणून बाजूला टाकले होते. माझ्या पुरवणी यादीने ते इमानाने वगळले होते. ओळखीची फाइल म्हणजे निरुपयोगी फाइल, असे मी न बोलता धरून चाललो होतो.

टंक परत आणताना हॅशचा आणखी एक उपयोग समजला. कपाटातल्या सीडींवर एकाच टंकाच्या दोन आवृत्त्या होत्या. पडद्यावर दिसणारे नाव तेच, पण बाइट वेगळे. मी प्रथम नवी बसवली. मजकूर मराठी दिसू लागला, पण जोडाक्षरे विस्कटली : 'ऱ्ह'च्या जागी भलतेच काही आणि अर्धा 'श' जिथे तिथे. डिस्कवरून आलेल्या टंकाचा हॅश जुन्या सीडीवरच्या फायलीशी जुळला. जुनी आवृत्ती बसवताच पहिल्या अंकाची नांदी स्वच्छ वाचता आली. त्या क्षणी वहिनींचा मुलगा शेजारी बसला होता. त्याने पहिल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या आणि आईला फोन लावला.

तिसरा अंक

मी कळवले की दोन अंक मिळाले आणि तिसरा बहुधा टाइपच झाला नसावा. फोल्डरच्या यादीत दोनच फायली होत्या, त्यामुळे मला शंका नव्हती.

दोन दिवसांनी मंडळातले एक वयस्क नट, ज्यांनी मूळ प्रयोगात काम केले होते, ते वहिनींकडे आले आणि म्हणाले, "तिसऱ्या अंकाचं प्रूफ मी स्वतः त्या मशीनसमोर बसून वाचलंय. शेवटचा प्रवेश मास्तरांनी दोनदा बदलला होता." माणूस इतक्या तपशिलाने सांगत असताना यादीवर विश्वास ठेवणे चूक ठरले असते. मी वगळलेल्या फायलींची यादी काढली आणि हॅश सोडून त्या फोल्डरच्या वाटेने शोधले. तिथे 'अंक ३' होती. आकार शून्य बाइट.

शून्य बाइटांच्या फायलीलाही हॅश असतो. तिचा एमडी५ नेहमी डी४१डी८सीडी९८एफ००बी२०४ असा सुरू होतो. पुष्कळ सॉफ्टवेअरच्या संचांत काही फायली जाणूनबुजून रिकाम्या ठेवलेल्या असतात, म्हणून तो हॅश ओळखीच्या यादीत आहे. मास्तरांच्या तिसऱ्या अंकाची रिकामी फाइल आणि एखाद्या परदेशी सॉफ्टवेअरमधली रिकामी फाइल यांत हॅशच्या दृष्टीने भेद नाही. दोन्ही तीच फाइल. माझ्या आज्ञावलीने ती विंडोजच्या हजारो फायलींबरोबर उचलून बाजूला टाकली, आणि तिच्याबरोबर तिचे नावही टाकले. फायलीत काही नव्हते, पण तिच्या नावात सगळे होते : असा अंक होता, तो या फोल्डरमध्ये होता, आणि त्याचे काहीतरी बिनसले.

तेव्हापासून माझ्या आज्ञावलीत दोन बदल आहेत. शून्य आकाराच्या फायली ती कधीही वगळत नाही, वेगळ्या यादीत दाखवते. आणि ज्या फोल्डरमध्ये वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फायली आहेत, तिथली ओळखीची फाइलही ती लपवत नाही, फक्त तिच्यापुढे खूण करते.

फाइल रिकामी का झाली असावी? पावसाळ्यात गावात वीज किती वेळा जाते ते पाहता, फाइल साठवली जात असतानाच संगणक बंद पडला हे सर्वांत संभवनीय कारण. पण वर्डची साठवण्याची रीत अशा वेळी उपकारक ठरते. ते नवा मजकूर आधी तात्पुरत्या फायलीत लिहिते, जुन्या फायलीला तात्पुरते नाव देऊन बाजूला करते आणि काम पुरे झाले की ती पुसते. पुसलेली फाइल डिस्कवरून लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा रिकामी म्हणून नोंदली जाते, एवढेच. म्हणजे तिसऱ्या अंकाची आधीची एखादी अवस्था मोकळ्या म्हणवल्या जाणाऱ्या जागेत पडून असण्याचा संभव होता.

अशा मजकुराला हॅशने शोधता येत नाही. ज्याची आधी कुठेही नोंद झालेली नाही ते हॅशला ठाऊक असूच शकत नाही. म्हणून पहिल्या अंकातून नायिकेचे नाव घेतले, त्या जुन्या टंकात ते ज्या बाइटांत लिहिले जाते ते बाइट काढले, आणि अक्षरामागे एक बाइट आणि दोन बाइट अशा दोन्ही रूपांत संपूर्ण इमेजमध्ये शोधले. ते ओळखीच्या दोन अंकांत सापडले, त्यांच्या जुन्या प्रतींत सापडले, आणि एका पुसलेल्या तात्पुरत्या फायलीत सापडले, जिच्या वरच्या ओळीत 'अंक तिसरा, प्रवेश पहिला' असे होते.

हॅशवर किती विसंबावे

मंडळातल्या एका तरुणाने, जो स्वतः संगणक शिकला आहे, मला विचारले की एमडी५ फुटलेला आहे असे सगळीकडे लिहिलेले असते, मग त्यावर विसंबून फायली वगळल्या कशा? प्रश्न योग्य आहे. एमडी५ रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये रचला; २००४ मध्ये श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ येणाऱ्या दोन वेगळ्या फायली बनवून दाखवल्या, आणि आज ते साध्या संगणकावर जमते. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने याच दुबळेपणाचा वापर करून मायक्रोसॉफ्टचे वाटावे असे खोटे प्रमाणपत्र बनवले होते. शा-१ साठी फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने एकच हॅश येणाऱ्या दोन पीडीएफ फायली प्रसिद्ध केल्या, आणि निस्टने २०३० अखेरपर्यंत शा-१ चा वापर थांबवण्याचे ठरवले आहे.

पण या हल्ल्यांत दोन्ही फायली हल्लेखोरानेच घडवलेल्या असतात. आधीच प्रसिद्ध असलेल्या, दुसऱ्या कुणी बनवलेल्या फायलीच्या हॅशशी जुळणारी नवी फाइल तयार करणे ही वेगळी आणि फार कठीण गोष्ट आहे. एमडी५ बाबतही ते आज व्यवहारात साधलेले नाही. आणि मास्तरांचा अंक योगायोगाने विंडोजच्या फायलीशी जुळून वगळला जाण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की तिचा विचार करण्याचे कारण नाही. तरीही मी शा-२५६ वापरला, कारण यादीत तो आता उपलब्ध आहे आणि उद्या कुणी विचारले तर वेगळे समर्थन द्यावे लागू नये. हॅशच्या गणिताने मला कुठेही फसवले नाही. दोन्ही वेळा चुकले ते जुळण्याचा मी लावलेला अर्थ.

मास्तरांच्या पुतण्याने दुसरा प्रश्न केला : हे नाटक काकांचेच आहे याचा पुरावा म्हणून हा हॅश चालेल का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅश आणि तो कुठल्या पद्धतीने काढला हे लिहावेच लागते, म्हणून मी सर्व नोंदी त्या नमुन्याला धरून ठेवल्या. पण प्रत काढल्यानंतर फाइल बदललेली नाही, एवढेच हॅश सांगतो. नाटक कुणी लिहिले आणि केव्हा लिहिले हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगाचे हँडबिल आणि त्या नटांची साक्ष जास्त मोलाची आहे, असे मी त्यांना सांगितले, आणि हँडबिलही याच डिस्कवर, पेजमेकरच्या फायलीत, मिळाले.

नक्कल

तिसऱ्या अंकाच्या त्या फायलीत शेवटच्या प्रवेशाजवळ न वाचलेले काही सेक्टर होते. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट, म्हणजे त्या टंकात साधारण सात-आठ ओळी. एकूण दीड पानाच्या आसपास मजकूर शून्यांत गेला होता. डीडीरेस्क्यू पुन्हा चालवून पाहिले. डिस्कने आता आवाज करायला सुरुवात केली होती, म्हणून थांबलो.

मग त्या वयस्क नटांनी घरातून आपली नक्कल आणली. निळ्या शाईने, रेघांच्या वहीत उतरलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. नक्कल म्हणजे नटाची स्वतःची भाषणे. समोरच्या पात्राचे पूर्ण वाक्य तीत नसते, आपली पाळी केव्हा आली हे कळण्यासाठी त्याचे शेवटचे दोन-तीन शब्द तेवढे असतात. दीड पानातली त्यांची भाषणे पूर्ण मिळाली. नायिकेच्या भाषणांची शेपटे मिळाली. ज्यांनी ती भूमिका केली होती त्या बाई आता हयात नाहीत आणि त्यांची नक्कल घरच्यांना सापडली नाही.

संहिता युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली. डिस्कवरून निघालेल्या तीन फायली जशाच्या तशा, नक्कलेच्या पानांची स्कॅन केलेली चित्रे आणि नवी संहिता, यांचे हॅश वेगवेगळे नोंदवून त्याचा कागद वहिनींनी मुद्रणालयाच्या जुन्या कपाटात, सीडींच्या खोक्यात ठेवला आहे. नव्या संहितेत डिस्कवरून आलेला मजकूर काळ्या अक्षरांत आहे, नक्कलेतून घेतलेला निळ्या. शेवटच्या प्रवेशात नायिकेच्या पाच भाषणांच्या जागी रिकाम्या ओळी सोडल्या आहेत आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला निळ्या अक्षरांत दोन शब्द आहेत. त्या ओळी कुणी लिहायच्या, की तशाच सोडून प्रवेश बसवायचा, यावर तालमीत अजून बोलणे चालू आहे.